तिसऱ्यांदा विचारायचं

डिसेंबर लागला की आर्डिस टॉलफसनच्या स्वयंपाकघराच्या काचा आतून धुरकट होतात. शेजारच्या घरातून मला तेवढं दिसतं आणि कळतं, बटाटे शिजायला लागले. मग मी कोट चढवते आणि मधला बर्फ तुडवत तिच्याकडे जाते. दार उघडताना ती म्हणते, "अगं, कशाला आलीस एवढ्या थंडीत," आणि माझ्या हातात दुसरा एप्रन देते.

लेफ्से म्हणजे बटाट्याची पोळी. शिजलेले बटाटे चाळणीतून काढायचे, लोणी, साय आणि पीठ घालून मळायचे, रेघारेघांच्या लाटण्याने इतकं पातळ लाटायचं की खालच्या कापडाची वीण दिसावी, आणि मग लांब चपट्या काठीने उचलून तव्यावर टाकायचं. पुरणपोळीला सरावलेल्या हाताला जमतं ते. माझ्या पोळ्या आर्डिस बाजूच्या ताटात रचते. त्या घरी खायला, पाहुण्यांना तिच्या. हे तिने कधी बोलून दाखवलेलं नाही. बोलून दाखवणं तिच्या स्वभावात नाही, आणि आमच्या सुंडाल गावाच्याही नाही.

आम्ही दोघी एकाच शाळेत होतो. मी वर गणित शिकवायचे, ती तळघरातल्या स्वयंपाकघरात असायची. गावातली पोरं तिच्या हातचं खाऊन वाढली. एखाद्या घरी सकाळी चूल पेटली नसली, तर त्या पोराच्या ताटात बटाट्याचा एक डाव जास्त पडायचा, आणि तो पडत असताना आर्डिस हमखास भलतीकडेच बघत असायची. शाळा सुटली, म्हणजे आम्हा दोघींची सुटली, तेव्हा वाटलं होतं की आता ही बसेल. पण नाताळ होताच. लेफ्से, तांदळाची खीर, मांसाचे गोळे, सात तऱ्हेची बिस्किटं, आणि तिच्या नवऱ्यासाठी, ऑरिनसाठी, लुटेफिस्क. तो सुका मासा क्षाराच्या पाण्यात भिजवून थुलथुलीत करतात. खाणारा एकटा ऑरिन, वास मात्र सगळ्यांच्या वाट्याला.

हा सगळा पसारा आर्डिसकडे तिच्या सासूकडून आला. सासू थकली त्या वर्षी आर्डिसने तिला विचारलं, की या वेळी मी करू का. सासू म्हणाली नको. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, पुन्हा नको. संध्याकाळी निघताना तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा सासू म्हणाली, "तुला फार त्रास नसेल तर." आणि लाटणं कागदात गुंडाळून दिलं. ते कागद बहुतेक आधीच काढून ठेवले होते, असं आर्डिस सांगते.

सुंडालमध्ये हे असंच चालतं. कॉफी घेणार का, असं कुणी विचारलं तर नको म्हणायचं. पुन्हा विचारतील, पुन्हा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारतील, तेव्हा म्हणायचं, केलेलीच असेल तर घेते अर्धा कप. मग पूर्ण कप येतो. आपल्याकडेही पंगतीत नको-नको चालतंच, पण आपण ताटावर हात आडवा धरतो, वाढणारा बोटांच्या फटीतून वाढतो, चार लोक हसतात. इथे हात आडवा येत नाही आणि आवाजही चढत नाही. दोन्हीकडचे लोक शांतपणे मोजत असतात.

आर्डिसची सून डेनीस न्यू जर्सीची. फार्गो शहरातल्या एका इस्पितळात नर्स आहे. चटपटीत, मोठ्या आवाजाची, मनाने अगदी स्वच्छ बाई. तिच्या माहेरी सात भावंडं. तिथे भांडं टेबलावर फिरायचं, आणि नको म्हटलं की पुढच्याच्या हातात जायचं. "नको म्हणणारा आमच्याकडे उपाशी झोपायचा," असं तिनेच मला एकदा सांगितलं होतं. त्यामुळे लग्नानंतर ती पहिल्यांदा या घरी जेवायला आली, जेवण झाल्यावर भांडी घासायला उठली, आणि आर्डिस म्हणाली, "नको गं, तू बस," तेव्हा ती बसली. दरवर्षी ती उठते, दरवर्षी आर्डिस नको म्हणते, आणि दरवर्षी ती बसते. चर्चमधल्या बायकांनी त्यावरून तिची किंमत केव्हाच ठरवून टाकली आहे.

मधल्या एका वर्षी, धाकट्या नातवाचा जन्म झाल्यावर, डेनीसने फोन केला. मी तेव्हा आर्डिसच्या टेबलाशी बसले होते. यंदाचा नाताळ आमच्याकडे करायचा का, असं ती विचारत होती. तिचा आवाज मला तिथपर्यंत ऐकू येत होता. आर्डिसचा चेहरा क्षणभर इतका सैल झाला की ती किती दिवस तो आवळून होती ते मला तेव्हा समजलं. ती म्हणाली, "छे, नको, कशाला तुला त्रास." पलीकडून डेनीस म्हणाली, बरं, जशी तुमची इच्छा. आणि मुलांचं काहीतरी सांगून तिने फोन ठेवला.

आर्डिसने फोन लगेच ठेवला नाही. नंतर ओट्यापाशी जाऊन कॉफीचं भांडं उगीचच पुसलं आणि म्हणाली, "एकदाच विचारलं तिने."

मी तिला म्हटलं होतं, मी सांगू का डेनीसला. तिने मान हलवली. "तू सांगितलंस तर ते मीच मागितल्यासारखं होईल." भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात. सुंडालमध्ये भीक परवडली, भीड नाही सोडायची.

मुलाला, डॅरिनला, यातलं काही कळत नाही. त्याने लहानपणापासून आईला डिसेंबरात पीठ मळतानाच पाहिलंय. "आईला आवडतं ते," असं तो बायकोला सांगतो. आणि डेनीस मला सांगते, "मी विचारलं होतं. स्पष्ट नको म्हणाल्या. त्यांना त्यांच्या घरात, त्यांच्या पद्धतीनेच हवं असतं. मी मध्ये कशाला पडू?" मी दोघींच्याही कॉफ्या पिते आणि गप्प बसते.

या वर्षी आर्डिसचा उजवा खांदा वर जात नव्हता. डॉक्टरने वजन उचलू नका म्हणून सांगितलं होतं, पण बटाट्याच्या पातेल्याला ती वजन समजत नाही. लाटताना ती अधूनमधून थांबायची आणि डाव्या हाताने उजवा हात ओट्यावरून उचलून जागेवर ठेवायची, एखादी वस्तू ठेवावी तसा. मी म्हटलं, यंदा थोड्या कमी करू. ती म्हणाली, "वाईट नाही, चाललंय." थंडी उणे तीसवर गेली तरी इथे वाईट नाही, चाललंय, असंच म्हणतात.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी फार्गोहून मंडळी आली. लिनेआ आता पहिलीत आहे. तिचे पुढचे दोन दात पडलेत आणि त्या फटीतून ती शिट्टीसारखं बोलते. धाकटा आन्डर्स चार वर्षांचा, हाताला येईल ते ओढणारा. चर्चची प्रार्थना चार वाजता, म्हणजे बाहेर येईपर्यंत काळोख. शेवटच्या गाण्याला दिवे मालवतात आणि प्रत्येकाच्या हातात एकेक लहान मेणबत्ती पेटवतात. गाणं हळू होत गेलं तशी आर्डिसची मेणबत्ती कलायला लागली. ती उभ्या-उभ्या पेंगत होती. मेण तिच्या हातमोज्यावर ठिबकलं तरी तिला कळलं नाही. लिनेआने शेजारून आजीचं मनगट धरलं आणि गाणं संपेपर्यंत सरळ धरून ठेवलं. डेनीसने ते पाहिलं. नर्सची नजर, ती आर्डिसच्या खांद्याकडे बघत होती.

घरी आल्यावर एप्रन पुन्हा चढला. जेवायला बसेपर्यंत आर्डिस एकदाही बसली नाही, आणि जेवायला बसल्यावरही अर्धीच बसली; तिची खुर्ची स्वयंपाकघराच्या बाजूला तिरकी असते. ऑरिनने लुटेफिस्कवर वितळलेलं लोणी ओतलं, घास घेतला, बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "वाईट नाही." याहून मोठी पदवी त्याच्याकडे नाही. डेनीसने खिडकी बोटभर उघडली. "ऑरिन, हा मासा मेलाय हे नक्की ना?" ती म्हणाली. "मेला होता," ऑरिन म्हणाला, "आता त्याला बरं वाटतंय."

सगळं संपत आलं तेव्हा ताटलीत एकच लेफ्से उरली, लोणीसाखर लावून गुंडाळलेली. शेवटचा तुकडा सुंडालमध्ये कुणी घेत नाही. डॅरिनने तिचा अर्धा भाग कापून घेतला. ऑरिनने उरलेल्याचा अर्धा. एवढंसं बोटाएवढं टोक राहिलं. लिनेआ केव्हाची त्याच्याकडे बघत होती.

"घे गं बाळा," आर्डिस म्हणाली.

"नको, थँक्यू," लिनेआ म्हणाली.

आर्डिस पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात डेनीस म्हणाली, "राहू दे, आर्डिस. पोट भरलं असेल तिचं," आणि तिने ते टोक आन्डर्सच्या ताटात टाकलं. त्याने ते गिळूनसुद्धा टाकलं.

लिनेआ रडायला लागली. आवाज न करता, डोळ्यांतून नुसतं पाणी. डेनीस वैतागली. नको म्हणालीस ना तू स्वतःच, असं तिने विचारलं.

"पण आजीने एकदाच विचारलं होतं," लिनेआ म्हणाली.

डेनीसला समजेना. लिनेआने नाक पुसलं आणि शाळेत पाठ केलेलं म्हणावं तसं सांगितलं. "आजोबांनी शिकवलंय. पहिलं नको चांगल्या वळणाचं. दुसरं नको आपण हावरट नाही म्हणून. तिसऱ्यांदा विचारलं की हो म्हणायचं."

"आणि तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही तर?" डेनीसने विचारलं.

लिनेआने आजोबांकडे पाहिलं. ऑरिनने लेफ्सेची ताटली चाचपली, तीत काही नव्हतं. "मग वाट बघायची," तो म्हणाला.

"किती?"

"ते माणसावर आहे."

डॅरिन हसला. डेनीस हसली नाही. ती आर्डिसकडे बघत राहिली. आर्डिस घाईने उठली आणि ताटल्या एकात एक घालायला लागली. उजवा हात नुसता सोबतीला होता. सगळं डाव्याने चाललं होतं.

इथे भेटवस्तू नाताळच्या आदल्या संध्याकाळीच उघडतात, पण भांडी घासून झाल्याशिवाय कागदाला हात लावायचा नाही, असा टॉलफसनांचा नियम आहे. त्यामुळे दोन्ही मुलं स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून एकेका ताटलीवर पाळत ठेवतात. मी पुसायला घेतलं. डेनीस उठून आत आली. आर्डिस पाण्यातून हात न काढता म्हणाली, "नको गं, तू बस."

डेनीस बसली नाही. तिने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"आर्डिस, पुढच्या वर्षीचा नाताळ आमच्याकडे करू या," ती म्हणाली.

आर्डिसचा हात पाण्यात थांबला. "छे, नको. तुझ्या इस्पितळातल्या पाळ्या, आणि त्यात ही दोन पोरं."

डेनीसने एक ताटली पुसली. मग तीच ताटली पुन्हा पुसली. दुसऱ्याने नाही म्हटल्यावर तेच पुन्हा विचारणं तिच्या लेखी लावलेलं दार ढकलण्यासारखं होतं. लहानपणी त्यावरून तिने मार खाल्लेला असणार. तिचे कान लाल झाले होते.

"मी सुट्टी टाकीन," ती म्हणाली. "मला करायचंय. तुम्ही दोघं आमच्याकडे या."

"नको गं. लुटेफिस्कचा वास तुझ्या नव्या पडद्यांना बसेल. मार्चपर्यंत जायचा नाही."

डेनीसने तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी बाहेरच्या खोलीत काहीतरी कोसळलं. आन्डर्सने नाताळच्या झाडाच्या खालच्या फांदीवरचा काचेचा गोळा ओढला होता, आणि गोळ्याबरोबर अर्धं झाड खाली आलं होतं. डेनीस फडकं टाकून धावली. तिकडे रडणं, डॅरिनचं ओरडणं, काचा, झाडू. लिनेआ आत डोकावून गंभीरपणे म्हणाली की झाडाला काही झालं नाही, फक्त तारा वाकडा झालाय.

आर्डिस सिंकपाशी तशीच उभी होती. साबणाचा फेस बसत चालला होता. मला वाटलं ती माझ्याशी बोलणार नाही, पण बोलली, अगदी हळू.

"दोनदा विचारलं तिने."

मी म्हटलं, हो, मी ऐकलं.

"रात्रभर थांबले असते मी," ती म्हणाली आणि पुढची ताटली घेतली.

त्यानंतर कागद फाडणं झालं. लिनेआला बर्फावरचे बूट मिळाले, आन्डर्सला ट्रॅक्टर. आर्डिसला एक शाल मिळाली. ती म्हणाली, फारच छान, एवढी कशाला, आणि खांद्यावर घेण्याऐवजी घडी करून मांडीवर ठेवली. डेनीस फरशीवर बसून काचेचे बारीक कण वेचत होती, आन्डर्सच्या पायाला लागू नयेत म्हणून. स्वयंपाकघरातलं बोलणं पुन्हा निघालं नाही. तिथे इतके जण होते, आणि असल्या गोष्टी चारचौघांत निघत नाहीत. डेनीसला आता सगळं कळलंय की लिनेआच्या रडण्यावरून तिला जरा वाईट वाटलंय एवढंच, ते मलाही सांगता आलं नसतं. आर्डिसचे डोळे मात्र एकसारखे तिच्या पाठीमागे फिरत होते. आणखी कॉफी आणू का, असं तिने डेनीसला विचारलं. डेनीस म्हणाली, नको. पुन्हा विचारलं. नको. आर्डिसने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही डेनीस म्हणाली, खरंच नको, झोप लागणार नाही. आर्डिस खुर्चीत मागे टेकली. मला तिचं फार वाईट वाटलं.

मग डॅरिनने दोन्ही गुडघ्यांवर हात आपटले आणि म्हणाला, "बरं तर मग." आमच्याकडे निघण्याची सुरुवात अशी होते, आणि तिथून प्रत्यक्ष निघेपर्यंत बराच वेळ जातो. खुर्चीपाशी एकदा निरोप, दारापाशी एकदा, पायऱ्यांवर एकदा, गाडीच्या खिडकीशी एकदा. सकाळी त्यांच्या घरी सांताक्लॉज यायचा होता, म्हणून मुलांना फार्गोला नेणं भाग होतं. डब्यांत मांसाचे गोळे गेले, बिस्किटं गेली, माझ्या पोळ्याही गेल्या. आर्डिस कोट न घालता पायरीवर येऊन उभी राहिली. ऑरिन रस्त्याची चौकशी करत होता, कुठे बर्फ साचलाय, कुठे हरणं आडवी येतात. डेनीसने मुलांचे पट्टे लावले, दार लावून घेतलं. गाडी मागे सरकली. आर्डिसने हात वर केला, डावा.

गाडी थांबली. डेनीसच्या बाजूचं दार उघडलं आणि ती उतरली. पायांत घरातलेच हलके बूट होते; बर्फात पाय रुतत रुतत ती पायरीपर्यंत आली. खाली उभी राहिली, त्यामुळे ती आर्डिसपेक्षा ठेंगणी दिसत होती.

"आर्डिस," ती म्हणाली. तिच्या तोंडातून वाफ निघत होती. "पुढचा नाताळ आमच्याकडे."

सगळे श्वास धरून होते, असं मी म्हणणार नाही. ऑरिन नाक शिंकरत होता. पण गाडीच्या मागच्या काचेला लिनेआचं नाक चिकटलेलं मला दिसत होतं.

"तुला फार त्रास होणार नसेल तर," आर्डिस म्हणाली.

"नाही होणार."

"मग बरं होईल." आणि जरा थांबून, "लेफ्से मी आणीन."

"तुम्ही खुर्चीत बसायचं," डेनीस म्हणाली, "आणि मी कुठे चुकते ते सांगायचं. सांगता येईल ना?"

आर्डिसने विचार केला. "एकदम नाही सांगता येणार," ती म्हणाली.

"मी विचारत राहीन," डेनीस म्हणाली.

तिने वर चढून आर्डिसला मिठी मारली, तीही डाव्या बाजूने, खांदा सांभाळून. मग गाडी गेली. मागचे लाल दिवे सपाट रस्त्यावर बराच वेळ दिसत राहतात. आमच्याकडे दिसेनासं व्हायला आडोसा नाही. दिवे दिसत होते तोवर आर्डिस बाहेरच उभी राहिली.

आत आल्यावर ती आनंदली वगैरे नव्हती. ओझं खाली ठेवलं की खांदा आधी दुखायला लागतो, तसं काहीसं झालं असावं. एप्रन सोडला, घडी केली, आणि ती घडी कुठे ठेवावी हे जणू आठवेना, तशी ती हातात घेऊन स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली. लाटणं धुऊन खिडकीत वाळत ठेवलं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग टेबलाशी येऊन बसली, या वेळी खुर्ची सरळ करून.

ऑरिनने कॉफीचं भांडं हलवून पाहिलं. "थोडी आहे. घेशील?"

"हो," आर्डिस म्हणाली.

इतक्या वर्षांची सवय. ऑरिनने ऐकलंच नाही. "अर्धा कप तरी घे," तो म्हणाला.

"हो म्हटलं ना," आर्डिस म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. तो कप घेऊन येईपर्यंत तिला झोप लागली होती.